पुस्तक वाचकाकडे जाते तेव्हा

सयाजीराव गायकवाड अमेरिकेच्या दौऱ्यावरून परतले ते तिथली मोफत ग्रंथालये मनात घेऊनच. 1910 साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात बोलावले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. मध्यवर्ती ग्रंथालय, मुलांसाठी नि स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय, गावोगावची वाचनालये हे सगळे त्यात होतेच. मला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी. जिथे ग्रंथालय नाही तिथे ती पुस्तकांनी भरून जायची, वाचून झाली की परत यायची, आणि तिच्या जागी दुसरी रवाना व्हायची. वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल तर त्याच्यापर्यंत जाणे हे ग्रंथालयाचे काम, असे त्या पेटीने ठरवून टाकले. आजच्या ग्रंथालयांची प्रत्यक्ष सेवा आणि ऑनलाइन सेवा या दोन्हींकडे मी याच नजरेने पाहतो.

महाराष्ट्रात ग्रंथालये वाढली ती मुख्यतः संस्थांच्या बळावर. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे. केवळ मराठी ग्रंथ जमवायचे असा पण करून निघालेले संग्रहालय यायला मात्र 1893 उजाडले. ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी ते काढले, पाठोपाठ 1898 मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. शेजारच्या गोव्यात वाट वेगळी होती. पणजीचे ग्रंथालय 1832 मध्ये पोर्तुगीज सत्तेने काढले, आणि आज ते कृष्णदास शामा यांच्या नावाने राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून उभे आहे.

1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1 मे 1968 पासून लागू झाला. त्याने ग्रंथालये सरकारच्या ताब्यात घेतली नाहीत. लोकांनी चालवलेल्या संस्थांना मान्यता द्यायची, अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान द्यायचे, अशी घडी त्याने बसवली. म्हणून आज खेडोपाडी पसरलेली 11 ते 12 हजार मान्य ग्रंथालये आपल्याकडे आहेत. ही फार मोठी कमाई आहे. आणि तिचा भार ज्यांच्या खांद्यावर आहे त्यांचे हाल तितकेच मोठे आहेत. 2022 साली अनुदानात 60 टक्के वाढ जाहीर झाली, त्याआधी ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला 30 हजार रुपये मिळत. ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रे, वीज, नवी पुस्तके, सगळे त्यातच. वाढ झाल्यावरही त्या पैशात एका माणसाचे घर चालत नाही.

तरी देवघेवीच्या टेबलामागे तो माणूस बसतो. कोणाचे कोणते पुस्तक वाचून झाले आणि आता काय आवडेल हे त्याला ठाऊक असते. सकाळी वर्तमानपत्रांसाठी येणारे निवृत्त मास्तर, सुट्टीत गोष्टीची पुस्तके पळवणारी मुले, दुपारची कामे उरकून कादंबरी बदलायला येणाऱ्या बायका, सगळ्यांना तो नावानिशी ओळखतो. दिवाळीनंतर तर त्याच्याकडे झुंबड असते. थोडी जादा वर्गणी भरा आणि पुढचे काही महिने अंक बदलून नेत राहा, ही योजना अनेक ग्रंथालये चालवतात. दिवाळी अंक विकत घेणाऱ्यांपेक्षा असे फिरवून वाचणारे कितीतरी जास्त असतील, असे मला वाटते.

अलीकडे ग्रंथालयांत सर्वांत भरलेली जागा असते ती अभ्यासिकेची. स्पर्धा परीक्षेची मुले स्वतःची पुस्तके घेऊन येतात, कपाटांकडे पाहतही नाहीत, अशी तक्रार जुनी मंडळी करतात. मला ती पटत नाही. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे राहत असतील तर शांत टेबल आणि चालू पंखा हीसुद्धा सेवाच आहे. ती घेणाऱ्या मुलांपर्यंत पुस्तके नेण्याची खटपट ग्रंथालयानेच करायची.

बडोद्याची पेटी आपल्याकडे पुन्हा निघाली ती 2009 मध्ये, नाशिकहून. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आधाराने विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. पेटीत 100 पुस्तके, एखाद्या सोसायटीत वा कार्यालयात कोणीतरी ती सांभाळायची, आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल करायची. तुरुंगांत आणि दुबई, नेदरलँडच्या मराठी मंडळींतही या पेट्या पोचल्या. भिलारने उलटी तऱ्हा केली. 4 मे 2017 रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झालेल्या या स्ट्रॉबेरीच्या गावात लोकांनी आपल्या घरांत पुस्तकांना जागा दिली आणि वाचकांना दारे उघडली.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत राज्यातली ग्रंथालये बंद राहिली. त्या काळात ऑनलाइन सेवेची निकड सगळ्यांनाच पटली. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाने आपली दुर्मिळ पुस्तके स्कॅन करून संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवली आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातले जवळजवळ सारे मराठी वाङ्मय असे खुले करता येते. दृष्टिहीन वाचकांच्या बाबतीत तर कायदा आणखी पुढे गेला. 2012 च्या दुरुस्तीने त्यांना वाचता येईल अशा रूपात कोणतेही पुस्तक परवानगीवाचून तयार करण्याची मुभा मिळाली, आणि 2016 मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय त्यांच्यासाठी उभे राहिले. आपल्या गावातल्या अंध मुलीचे नाव तिथे नोंदवून देणे, पुस्तक तिच्या फोनवर उतरवून देणे, हे काम तालुक्याच्या ग्रंथपालाने केले तरच ती सोय तिची होते. ऑनलाइन सेवेलाही टेबलामागचा माणूस लागतोच.

स्कॅनिंगपेक्षाही मला आज जास्त गरजेची वाटते ती सूची. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची 1943 मध्ये प्रसिद्ध केली, पुढे तिचा 1950 पर्यंतचा खंडही सिद्ध केला. संगणक नसताना, ग्रंथालये पालथी घालून, एका माणसाच्या चिकाटीने ते काम झाले. मराठीत काय छापले गेले ते दात्यांनी सांगितले. आता कोणते पुस्तक कोणत्या गावच्या कपाटात आहे, हे वाचकाला घरबसल्या कळायला हवे. संशोधक मुंबई-पुण्याच्या संग्रहालयांत खेटे घालत असतो, आणि त्याला हवी असलेली प्रत कदाचित कोकणातल्या एखाद्या शतायुषी वाचनालयात पडलेली असते.

ही माहिती नव्याने गोळा करायची नाही. प्रत्येक मान्य ग्रंथालयात दाखल नोंदवही असते. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, आल्याची तारीख, सगळे तिच्यात हाताने लिहिलेले असते. ई-ग्रंथालय ही संगणकप्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार करून ठेवली आहे. कमी आहे ती या वह्या संगणकावर चढवणाऱ्या हातांची आणि त्यांच्या मानधनाची. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी जिल्ह्यातली शंभर वर्षांवरची वाचनालये आधी घ्यावीत. वाळवी लागायची भीती तिथल्याच वह्यांना सर्वांत जास्त आहे.