फ्रिजच्या मागच्या रांगेतलं

भारतात घराघरांतून दरवर्षी माणशी सुमारे ५५ किलो अन्न कचऱ्यात जातं, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालातला अंदाज आहे. त्यात साली, देठ, आंब्याच्या कोया असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे. तरीही चौघांच्या घरात रोजचे सहाशे ग्रॅम होतात. कोया टळणार नाहीत, पण सडलेला अर्धा कोबी, जाळी धरलेला रवा आणि बुरशी आलेली नारळाची वाटी टळू शकते. आठवड्याला शंभर रुपयांचं सामान असं गेलं, तर वर्षाचे पाच हजार दोनशे रुपये होतात.

हे सामान घेताना कुणी वाईट बघून घेतलेलं नसतं. घरात आल्यावर ते नजरेआड जातं आणि मग राहून जातं. म्हणून बचतीची सुरुवात नवे डबे विकत आणण्यापासून होत नाही. आहे ती मांडणी बदलण्यापासून होते.

फ्रिज खोल असतो. बाजारातून आलेली ताजी भाजी आपण घाईत पुढे सारतो आणि परवाची मागे ढकलली जाते. चांगला किराणा दुकानदार नेमकं उलट करतो, जुना माल पुढे आणि नवा मागे. घरातही हाच क्रम हवा. त्यासाठी डोळ्यांच्या उंचीच्या कप्प्यात एक उथळ ताट ठेवावं. उरलेलं वाटीभर वरण, चिरलेला अर्धा कांदा, उघडलेलं दही, मऊ पडू लागलेले टोमॅटो, जे आज-उद्या संपायला हवं ते सगळं या ताटात. स्वयंपाक काय करायचा, हे ताट बघून ठरवायचं. उरलेलं वरण कणकेत गेलं की पराठे होतात, टोमॅटोचं सार होतं.

फ्रिजचं दार हा त्यातला सर्वांत उबदार भाग, कारण दर उघडझापीला तिथे बाहेरची हवा लागते. दूध तिथे ठेवू नये. लोणची, सॉस, जॅम यांना ती जागा चालते. आतलं तापमान पाच अंशांच्या वर जाऊ नये. फ्रिज गच्च भरला तर थंड हवा फिरत नाही, आणि मागचं दिसत नाही ते वेगळंच.

कोथिंबिरीची जुडी बघा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच कोंबली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळाची पानं काळी, चिकट होतात. दोष पिशवीत साचलेल्या ओलाव्याचा असतो. आणल्याबरोबर जुडीचा दोरा सोडावा, पिवळ्या आणि सडक्या काड्या निवडून काढाव्यात, मातीची मुळं कापावीत. धुवायची घाई करू नये. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी आणि फडकं दमट झालं की बदलावं. अशी कोथिंबीर आठवडाभर हिरवीगार राहते. कोवळे देठ वाटणात घालावेत, स्वाद त्यांच्यातही भरपूर असतो.

पालेभाजीच्या शेजारी केळी, पपई, सफरचंद, पिकलेले आंबे ठेवू नयेत. पिकताना ही फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्यामुळे पाला लवकर पिवळा पडतो. कांदे-बटाटेही एका टोपलीत नकोत. बटाट्याला अंधार हवा, नाहीतर तो हिरवा पडतो. कांद्याला वारा हवा.

आता किराणा. रांगेतले स्टीलचे डबे दिसतात सुरेख, पण आत काय आहे आणि किती, ते कळत नाही. मग घरात रवा असताना रवा येतो. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून नाव आणि भरल्याची तारीख लिहावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुन्यावर नवं ओतू नये. डब्याच्या तळाशी कीड असेल तर ती सगळ्या नव्या मालात पसरते. डबा रिकामा करून, पुसून, कोरडा करूनच भरावा. रवा भाजून, पूर्ण गार करून ठेवला तर बराच टिकतो. बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्याने दळल्यावर तिचं पीठ थोड्या दिवसांत कडवट होतं. ते आठवड्यापुरतंच दळावं, गिरणीत दोन खेपा जास्त झाल्या तरी.

वर्षाचं धान्य भरण्याची रीत मोठ्या घराला, उन्हाच्या अंगणाला साजेशी होती. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, वाळवायला गच्ची नसताना पोतंभर गहू स्वस्त पडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पिढीला भरण्याइतकंच संपवणंही ठाऊक होतं. चातुर्मासाच्या तोंडावर कांदेनवमीला घरातला कांदा-लसूण भजी, थालीपिठांत संपवला जायचा. दोडक्याच्या शिरांची चटणी, फोडणीची पोळी हे तर आपण जाणतोच.

फोडणीच्या भाताबाबत मात्र सवय बदलावी. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि सकाळी परतल्याने ते विष जात नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलाच पाहिजे.

पाकिटावरची तारीखही नीट वाचावी. ‘बेस्ट बिफोर’ ही चव आणि दर्जाची मुदत असते. ती उलटलेलं कोरडं पाकीट वास-रंग बघून वापरता येतं. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ उलटली की मोह नको.

राहता राहिली यादी. बहुतेक घरांत कशात किती उरलंय हे एकाच बाईच्या डोक्यात असतं. ती गावाला गेली की भाजी सडते, डाळ दुबार येते, आणि आल्यावर निस्तरायचं तिनेच. हे ओझं एकटीवर असू नये. नावं लिहिलेले डबे, संपवायच्या वस्तूंचं ताट आणि फ्रिजच्या दारावरची यादी असली की घरातल्या कुणालाही स्वयंपाकाला उभं राहता येतं. मंडईची पिशवी उचलण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून मागची रांग पुढे काढा, आणि जे सापडेल ते वजा करून मगच यादी लिहा.