वाशी ते सहार, पुढे न्यूयॉर्क

पहाटे ४. वाशीचं फळ मार्केट. देवगडहून रात्रभरात सुमारे ४५० किलोमीटर आलेला ट्रक माथाडी कामगार रिकामा करतायत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पेटी, चाल झपझप. निर्यातदाराचा माणूस पेटी उघडून पाहतो. त्याला हिरवा, कडक हापूस हवा. पिवळी झाक दिसली की पेटी बाजूला. टेम्पोवाले दादा पेट्या मोजून घेतात. कटिंग चहा, १० रुपये.

सकाळी ७. पॅकहाउस. बायका फळ हातात फिरवून चिकाचा डाग शोधतात, वजनाप्रमाणे लावतात. धुणं, गरम पाणी, सुकवणं, मग साडेतीन किलोचे खोके. दादा केबिनमध्ये पाय दुमडून झोपलेत.

दुपारी १. वाशीतलंच पणन मंडळाचं विकिरण केंद्र. आंब्यातली कीड पुढे वाढू नये म्हणून अमेरिकेला किमान ४०० ग्रे विकिरणाची मात्रा लागते. तिकडचा निरीक्षक इथे हजर असतो. २०२५च्या मे महिन्यात कागदपत्रांतल्या त्रुटींवरून अमेरिकेने किमान १५ खेपा नाकारल्या. परत आणायचं भाडं परवडेना, म्हणून आंबा तिथेच नष्ट केला. इतक्या हातांतून गेलेलं फळ एका कागदापायी जावं, हे फार लागतं. दादा डबा उघडतात. भाकरी, सुकट, कांदा.

दुपारी ४. खोके चढतात. दादा गारव्याचा काटा पाहतात, दार लावतात, पुन्हा उघडून पाहतात.

संध्याकाळी ५. खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर. गाडी इंच-इंच सरकते. वाशी ते सहार विमानतळ साधारण २५ किलोमीटर, आज अडीच तास. सहार ते न्यूयॉर्क हवेतून सुमारे १२,५०० किलोमीटर, थेट विमानाला १६ तासांच्या आसपास. २०२५च्या एप्रिलात पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद झालं, वळसा वाढला, तोही ऐन मोसमात. “आमचे अडीच तास विमानाला दोन मिनिटं,” दादा म्हणतात. मी मनात हिशेब करते. बरोबर आहे.

संध्याकाळी ७.३०. कार्गोचं गेट. पुढे टेम्पोंची रांग. वडापाव २० रुपये, पाण्याची बाटली २०. इंजिन बंद करता येत नाही, गारवा जाईल. डिझेल जळत राहतं.

रात्री १०. खोके उतरले. वजन, तपासणी, सही, शिक्का. पावती दादा शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतात.

रात्री ११.३०. परतीचा पूल मोकळा. डिसेंबर २०२५ मध्ये उलव्याचा विमानतळ सुरू झाला. अमेरिकेचा माल तिथून जाऊ लागला तर वाशीहून हा पूल ओलांडायलाच नको. फळासाठी ते बरंच. मी तसं म्हणते.

दादा गिअर बदलतात. “होय ताई. पण मला फेरीवर मिळतात. आज ९०० मिळाले. फेरी जवळची झाली की भाडंही कमी होणार. मग दिवसाला दोन फेऱ्या मिळायला हव्यात.”

पहाटे चारला मार्केटला पोचायचंय. घरी जाऊन येण्यात तास जाईल, म्हणून टेम्पो मार्केटच्या गेटबाहेरच लागतो.