बोटांकडून विणत नेलेला मोजा

आपल्याकडील ज्या घरांतून लोकरीच्या विणकामाचा परिपाठ आहे, त्या घरांतील स्त्रिया तान्ह्या बाळाची कुंची, टोपडे आणि स्वेटर इतक्या सफाईने विणतात की पाहणाऱ्याने थक्क व्हावे; परंतु मोठ्या माणसाच्या पायमोज्याचा विषय निघाला की याच निष्णात हातांना संकोच वाटू लागतो, आणि बाळाचे मोजेदेखील बहुधा दोन सुयांवर सपाट विणून मागाहून शिवण्यात येतात. संकोचाची कारणे दोन : टाच वळवावी कशी हे उमगत नाही, आणि लोकर पुरेल की नाही याचा अदमास बांधता येत नाही. पोटरीकडून खाली विणत जाण्याचा जो दस्तूर पश्चिम युरोपात रूढ झाला, त्यात ही दुसरी अडचण अखेरपर्यंत पाठ सोडीत नाही. उलटपक्षी मोजा बोटांकडून वर विणत नेला, तर ती जवळजवळ उद्भवतच नाही, आणि पहिलीही पुष्कळ सौम्य होते. म्हणून नवशिक्याने आरंभ याच पद्धतीने करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही पद्धत आजकालची मुळीच नव्हे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, ईजिप्तमधील ऑक्सिरिंकस या प्राचीन नगराच्या दफनभूमीत सापडलेला तांबड्या लोकरीच्या मोज्यांचा एक जोड आहे. त्याचा काळ सन 250 ते 420 यांच्या दरम्यानचा मानतात. चपलेचा पट्टा मधून जावा म्हणून त्यात अंगठ्याला निराळा कप्पा ठेवलेला आहे. लंडनमधल्याच ब्रिटिश म्यूझियममध्ये साधारण त्याच काळातील, एका बालकाच्या डाव्या पायाचा पट्ट्यापट्ट्यांचा मोजा जपून ठेवला आहे, आणि त्यातील सारे रंग अवघ्या तीन वनस्पतींपासून साधले होते, हे 2018 साली झालेल्या संशोधनाने उघड झाले. हे मोजे एकाच सुईने गुंफलेले, म्हणजे आजच्या अर्थाने विणलेले नव्हेत. पण ईजिप्तमध्येच त्यानंतर कित्येक शतकांनी निळ्या-पांढऱ्या सुताचे जे खरोखर विणलेले मोजे निर्माण झाले, त्यांतही बोटांकडून आरंभ केलेले नमुने आढळतात, आणि तुर्कस्तानात व बाल्कन प्रदेशात तर हाच प्रघात पुढे दृढ झाला.

टाके घालण्याची तुर्की रीत साधी आणि मोठी सुबक आहे. पंजाचा घेर 9 इंच आहे आणि आपल्या हाताला एका इंचात 8 टाके बसतात, असे समजा. विणीचे कापड ताणले जात असल्याने मोजा पायाच्या मापाहून दहाएक टक्के लहानच असावा लागतो, तेव्हा एकंदर 64 टाके पुरे होतील. दोन सुया समांतर धरून त्यांच्याभोवती लोकरीचे 12 वेढे घ्यावेत आणि तिसऱ्या सुईने आधी वरच्या, मग खालच्या सुईवरील टाके सुलट विणावेत. म्हणजे 24 टाक्यांचा बंद आरंभ हाती येतो आणि बोटांना टोचणारी शिवण नावालाही राहत नाही. पुढे एक फेरी साधी आणि एक वाढीची, या क्रमाने प्रत्येक वाढीच्या फेरीत दोन्ही कडांना दोन-दोन टाके वाढवीत गेले, म्हणजे वाढीच्या दहाव्या फेरीअखेर 64 टाके भरतात. इथून पुढे केवळ गोल विणावयाचे, आणि मनाला शंका येईल तेव्हा टाके सुयांवर असतानाच मोजा पायात चढवून पाहावयाचा. ज्याच्यासाठी काम चालले आहे त्याचे पाऊलच येथे अंतिम मुखत्यार असते. पुस्तकातील कोष्टकाला विचारण्याची गरज उरत नाही.

पावलाच्या लांबीत सुमारे दोन इंच शिल्लक राहिले की टाचेची पाळी येते, आणि टाच हा मला साऱ्या विणकामातील सर्वांत सुंदर भाग वाटतो. पावलाच्या वरच्या बाजूचे 32 टाके तहकूब ठेवून उरलेल्या 32 टाक्यांवर एक ओळ सुलट आणि एक उलट असे काम करावयाचे. मात्र प्रत्येक ओळ आधीच्याहून एक टाका अलीकडेच थांबवून परत फिरावयाचे, असे करता करता दोन्ही बाजूंना दहा-दहा टाके खोळंबलेले आणि मधोमध 12 टाके कामात, अशी स्थिती येते. मग हेच खोळंबलेले टाके ज्या क्रमाने सोडले त्याच्या उलट क्रमाने एकेक करून पुन्हा कामात घ्यावयाचे. आणि सपाट विणीला आपोआप वाटीसारखा खोलगटपणा येऊ लागतो. जेथे वळतो तेथे भोक पडण्याची भीती असते. यास्तव वळण्यापूर्वी पुढच्या, न विणलेल्या टाक्याला धाग्याचा एक वेढा द्यावा आणि परतीच्या वेळी तो वेढा सुईने उचलून टाक्यासह विणून घ्यावा. ही एवढी तजवीज केली की टाचेविषयीचे सारे भय निघून जाते.

टाच झाल्यावर तहकूब टाके पुन्हा सामील करून घोट्यावरून वर, दोन सुलट आणि दोन उलट या क्रमाने, ताण धरणारी वीण चालू ठेवावी. मोज्यांसाठीच्या बारीक लोकरीचा 100 ग्रॅमचा गुंडा, म्हणजे सुमारे 400 मीटर धागा, एका जोडाला सहसा पुरतो. तो आरंभीच वजन करून समान दोन भागांत वाटून घेतला, की आपापल्या वाट्याची लोकर सरत आली तेथे प्रत्येक मोजा थांबवता येतो, आणि लोकर कमी असली तर पोटरी आखूड होते इतकेच, पाऊल अपुरे राहत नाही. टाके बंद करताना मात्र हात सैल हवा, नाहीतर काठ घट्ट होऊन टाच आत शिरणार नाही. दोन टाके एकत्र विणून झालेला टाका पुन्हा डाव्या सुईवर घ्यावा आणि त्यासह पुढचा विणावा. अशाने काठ लवचीक राहतो.

एक उणीव मान्य केलीच पाहिजे. वीण सहजपणे उसवते ती बंद केलेल्या टोकाकडून, आरंभाकडून नव्हे. त्यामुळे वरून खाली विणलेल्या मोज्याचा झिजलेला चवडा उसवून नवा विणता येतो, ती सोय येथे नाही. म्हणून चवडा आणि टाच विणताना लोकरीबरोबर नायलॉनचा एक बारीक धागा चालवावा, आणि वीण विरळ दिसू लागताच, भोक पडण्याची वाट न पाहता, राखून ठेवलेल्या त्याच लोकरीने रफू करून घ्यावे.