पाठ राखणारा सोबती

अमेरिकेतल्या एखाद्या दुकानात काउंटरपाशी एक माणूस पैसे देत उभा आहे आणि त्याचा कुत्रा मात्र मागच्या लोकांकडे तोंड करून बसला आहे, असे दृश्य दिसले तर त्याचे मालकाकडे लक्ष नाही असे समजू नये. तो कामावर आहे. त्याचा मालक इराकच्या युद्धावरून परतलेला सैनिक आहे. तिथे पाठीमागून कोण येईल याचा नेम नसे. आज मागे एखादे शाळकरी मूल उभे असते, पण मनाला ते पटत नाही. म्हणून पाठ राखण्याचे काम कुत्र्याकडे सोपवलेले असते.

या मनोविकाराला 1980 मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत 'पीटीएसडी' या नावाने स्थान मिळाले. झोप उडते, साध्या आवाजाने माणूस दचकतो, गर्दी नकोशी होते. हळूहळू तो स्वतःला घरात कोंडून घेतो आणि बाजारहाटापासून मुलांच्या शाळेपर्यंत सारा भार घरच्यांवर पडतो.

सैनिकाच्या मदतीला कुत्रा ही कल्पना जुनीच. पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या जवानांसाठी 1916 मध्ये जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथे वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. तो कुत्रा रस्ता दाखवी. आजचा मदतनीस कुत्रा दुःस्वप्नातून जागे करतो, जीव घाबरा झाला की नाकाने ढोसून भानावर आणतो. शिवाय त्याला रोज फिरवून आणावेच लागते. स्वतःसाठी अंथरूण न सोडणारा माणूस त्याच्यासाठी उठतो.

अमेरिकेत 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 156 माजी सैनिकांची पाहणी झाली. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मोकळे होते. एका गटाला जोडीला कुत्रा मिळाला. तीन महिन्यांनी त्या गटात आजाराची तीव्रता, चिंता आणि नैराश्य कमी आढळले.

तरीही कुत्रा म्हणजे रामबाण औषध नव्हे. इराकमध्ये दोनदा लढलेले कॅप्टन लुईस कार्लोस माँतालवान यांना 2008 मध्ये 'ट्यूसडे' नावाचा गोल्डन रिट्रीव्हर मिळाला. त्याच्या सोबतीने आपण कसे सावरलो, हे त्यांनी 2011 च्या पुस्तकात लिहिले आणि अनेकांना धीर दिला. डिसेंबर 2016 मध्ये मात्र ते एका हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. ट्यूसडे तेव्हा जवळ नव्हता. डॉक्टर, औषधे, घरची माणसे यांची जागा कुत्रा घेऊ शकत नाही. या सर्वांपर्यंत पोहोचण्याचे बळ तो देतो.

धर्मराजाने स्वर्गाच्या दाराशीही सोबतच्या कुत्र्याला सोडले नाही, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. इथे दार साधे, घराचेच आहे. ते ओलांडून बाहेर पडायला धजत नसलेल्या माणसाला कुत्रा सोडून जात नाही, एवढेच.