गिझरला जोडा ऊन!

गच्चीवरच्या सोलर हीटरचा नळ सोडला, की आधी येतं ते पाइपात रात्रभर साचलेलं थंडगार पाणी. खालच्या मजल्यावर तर बादलीभर सोडून द्यावं लागतं, तेव्हा कुठे कढत धार लागते. तेच ऊन तारेतून खाली आणलं तर? गच्चीवर वीज बनवणारी पॅनेलं आणि न्हाणीघरात नळाशेजारीच गिझर. एक थेंबही वाया जात नाही.

वीज पुरते का? 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 4 युनिट लागतात. महाराष्ट्रातल्या उन्हात 1 किलोवॉटची पॅनेलं दिवसाला सरासरी तेवढीच वीज देतात! पावसाळ्यात मात्र हा हिशेब कोलमडतो, तेव्हा महावितरणची जोडणी हवीच.

आता उलटी बाजू. पॅनेल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतं. सोलर हीटर निम्म्याहून अधिक ऊन पाण्यात उतरवू शकतो. गच्ची लहान असेल तर हीटरच सरस. पण पाणी तापलं की त्याचं काम संपतं, पॅनेलची उरलेली वीज मात्र पंख्याला, फ्रिजला, मिक्सरला चालते. माझा कौल पॅनेलला आहे तो त्यासाठीच.

पॅनेलला ऊन हवं असतं, उष्मा नको. ते 1 अंशानं जास्त तापलं की वीज 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. डिसेंबरातलं निरभ्र, गार ऊन त्याला छान मानवतं, आणि गरम पाण्याची ओढही तेव्हाच!

गरम पाण्याची टाकी म्हणजे बॅटरीच. 150 लिटर पाणी 40 अंशांनी तापवलं की जवळपास 7 युनिट ऊर्जा साठली. ब्रिटनमध्ये अनेक घरांत ‘डायव्हर्टर’ असतो. वापरून उरलेली सौर वीज तो ग्रिडकडे न जाऊ देता पाण्याच्या टाकीकडे वळवतो. ऑस्ट्रेलियात गिझर पूर्वी रात्रीच्या स्वस्त विजेवर तापत. छतांवर पॅनेलं इतकी वाढली, की काही भागांत आता ते भर दुपारी तापवले जातात.

एक गोष्ट मात्र कुणीही करू नये: पॅनेलची तार थेट घरच्या गिझरला जोडणं. कॉइल तापेल, धोका आहे तो थर्मोस्टॅटला. घरातली एसी वीज सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी लगेच विझते. पॅनेलच्या डीसीला असा शून्याचा क्षणच नाही. ठिणगी पेटती राहते, संपर्कपट्ट्या जळून चिकटतात आणि पाणी तापतच राहतं. म्हणून मध्ये इन्व्हर्टर हवा, नाहीतर खास डीसीसाठी बनवलेली यंत्रणा.

आणि हीट पंप बसवला तर? तो हवेतली उष्णता ओढून घेतो, 1 युनिट विजेत पाण्याला साधारण 3 युनिटांची ऊब देतो. मग त्याच 100 लिटरना दीड युनिटही लागत नाही. स्वच्छ उन्हात 540 वॉटचं एकच पॅनेल पुरतं.