पोटखराब जमीन व तिचें औषध

"पोटखराब" हा शब्द महसूल खात्याच्या नोकरींत आम्हीं किती वेळां लिहिला, त्याची गणति नाहीं. तो एकदां सातबाऱ्यावर चढला कीं जमीन मेली, अशीच आमची समजूत होती. सेवानिवृत्तीनंतर बेसा येथें राहत असतां गुमगांवचा प्रयोग कळला व ती समजूत फिरली.

हें गुमगांव सावनेर तालुक्यांतील; बेसाजवळील नव्हे. तेथील मँगनीजच्या खाणींतून निघालेल्या दगडमातीच्या ढिगांत ना सेंद्रिय द्रव्य, ना नत्र. मग झाड कोठून जगावें? नागपूरच्या 'नीरी' संस्थेनें तींत साखर-कारखान्यांतील प्रेसमड मिसळला, नत्र मिळवून देणारे जंतु व मुळांस साह्य करणारी बुरशी दिली, आणि साग, शिसू इत्यादि झाडें लाविलीं. ओसाड ढिगांवर हिरवळ आली.

तथापि वनस्पति धातूचा नाश करीत नाहींत, हें विसरूं नये. मोहरी व सूर्यफूल शिसें, कॅडमियम यांसारखे धातु मातींतून आपल्या अंगांत ओढून घेतात. तो पाला गुरांनीं खाल्ला तर तेंच विष दुधावाटे आपल्या लेंकरांच्या पोटीं जावयाचें! असें पीक कापून शेताबाहेर न्यावें. चाऱ्यास वापरूं नये, गाडूंहि नये. स्वच्छ रानांत चरून आलेल्या मेंढ्या रात्रीं बसवाव्या. लेंडीखत मिळेल, पण तेथें त्यांस चरूं देऊं नये.

नाग नदीच्या सांडपाण्यावर भाजी-चारा काढणाऱ्या बांधवांस आमची विनंति आहे कीं, माती तपासतांना धातूंची परीक्षा मुद्दाम मागावी. नेहमींच्या परीक्षेंत शिसें, कॅडमियम दिसत नाहींत.