सातवे क्षेत्र आणि बेटांची जागा

मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात असल्यामुळे तेथील मतदार बुलढाण्याचाच खासदार निवडतो, ही समजूत जिल्ह्याबाहेर सर्रास आढळते. वास्तविक २००८च्या परिसीमनानंतर, म्हणजे जनगणनेच्या आधारे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्यानंतर, मलकापूर रावेर लोकसभा मतदारसंघात मोडते. यामागे राजकीय डाव शोधण्याची गरज नाही, कारण साधा भागाकार पुरेसा आहे. महाराष्ट्रातील विधानसभेच्या २८८ जागा लोकसभेच्या ४८ जागांत विभागल्या असता प्रत्येक लोकसभा मतदारसंघाच्या वाट्याला सहा विधानसभा क्षेत्रे येतात. बुलढाणा जिल्ह्यात अशी क्षेत्रे सात असल्याने एक उरते, तर शेजारच्या जळगाव जिल्ह्यात अकरा असल्याने दोन मतदारसंघ पुरे होण्यास एक कमी पडते. उरलेले वऱ्हाडी मलकापूर अशा रीतीने २००९पासून लोकसभेपुरते खानदेशात मत देते, आणि नावातच जळगाव असलेले जळगाव जामोद मात्र बुलढाण्याकडे राहिले आहे.

प्रत्येक खासदारामागे मतदार साधारण सारखेच असतात, हा समजही अर्धाच खरा आहे. अनुच्छेद ८१मधील जागा व लोकसंख्या यांच्या समान प्रमाणाचे तत्त्व राज्यांना लागू होते. केंद्रशासित प्रदेशांच्या जागा संसद स्वतंत्र कायद्याने ठरवते, आणि म्हणूनच सुमारे ३२ चौरस किलोमीटरच्या लक्षद्वीपला, २०२४मध्ये तेथील मतदार जेमतेम ५८ हजारांच्या आसपास असूनही, स्वतःचा खासदार आहे. रावेरमध्ये त्या वेळी सुमारे १८ लाख मतदार होते; एकट्या मलकापूर क्षेत्रातील मतदारही लक्षद्वीपच्या कित्येक पट भरतात.

एकच जागा असल्यास ती राखीव ठेवता येत नाही असेही मानले जाते, परंतु लक्षद्वीपची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तेथील बहुसंख्य रहिवासी मुस्लीम असले तरी त्यास बाध येत नाही, कारण अनुसूचित जातींच्या यादीला असते तशी धर्माची अट जमातींच्या यादीला नाही.

बेटांवरील निवडणूक नाममात्र असते, हे तर मुळीच खरे नाही. लक्षद्वीपमध्ये १९६७पूर्वी सदस्य राष्ट्रपती नेमत असत. त्या वर्षीच्या पहिल्या प्रत्यक्ष निवडणुकीपासून सलग दहा वेळा विजयी झालेले पी. एम. सईद २००४मध्ये अवघ्या ७१ मतांनी पराभूत झाले. तेथे विधानसभा नसल्यामुळे आणि राज्यसभेतही प्रतिनिधी नसल्यामुळे लोकसभेतील खासदार हाच संसदेत बेटांसाठी बोलणारा एकमेव लोकप्रतिनिधी असतो. स्थानिक विकास निधी मात्र रावेरच्या आणि लक्षद्वीपच्या खासदारासाठी सारखाच, वर्षाला ५ कोटी रुपये, ठरलेला आहे.